लहान मुले घेऊन हिवाळ्यात कोठे जावे?



देवदर्शनाला आपण जातो. जत्रेला जातो, लग्नाला जातो. पण चार दिवस विसावा घ्यावा, मुलांना नवा मुलूख दाखवावा, म्हणून सगळ्या घराने मिळून बाहेर पडावे, ही चाल खेड्यात आता कोठे रुळू लागली आहे. चाल चांगली आहे. मुलाने एकदा डोळ्यांनी समुद्र पाहिला, की भूगोलाच्या पुस्तकातला समुद्र त्याला समजावून सांगावा लागत नाही. इतकी वर्षे शाळेत मुले शिकवताना आम्ही हे पाहिले आहे.

पण सहलीसाठी लागणारा पैसा आपण वर्षभर साठवलेला असतो. दुधाचे, अंड्यांचे, मजुरीचे पैसे बाजूला टाकून तो जमतो. ठिकाण चुकले, तर तो पैसा तर जातोच, वर मूल आजारी पडते, आई रात्रभर जागते, आणि घरी आल्यावर सगळे म्हणतात, "नसतो गेलो तर बरे झाले असते." असे होऊ नये म्हणून ठिकाण कसे निवडावे, याचा विचार या पाठात करू या.

आधी माणसे मोजा

आपण बहुधा आधी ठिकाणाचे नाव घेतो. शेजारी कोठे गेला होता ते आठवतो. मग घरची माणसे त्या ठिकाणाला जुळवायला बघतो. हे उलटे झाले. टोपी आधी शिवून मग डोके शोधायचे, तशातला हा प्रकार.

आधी घरची माणसे मोजावी. सगळ्यांत लहान कोण? त्याचे वय काय? ते काय खाते, रात्री कसे झोपते, गाडीत उलटी करते का? सगळ्यांत म्हातारे कोण? त्याला किती पायऱ्या चढवतात? ज्याला सगळ्यांत कमी सोसते, त्याच्या मापाने ठिकाण निवडावे. धडधाकट माणूस कोठेही रमतो. तान्ह्या मुलाचे तसे नसते.

आणि दुसरा प्रश्न. ते लहान मूल दिवसभर कोणाच्या कडेवर असते? ज्याच्या कडेवर मूल, त्याचा शब्द पहिला. हा नियम आपण लक्षात ठेवू.

थंडी कोठे जास्त, कोठे कमी?

हिवाळा सगळीकडे सारखा नसतो. जसजसे आपण उंच जातो, तसतशी हवा थंड होते. साधारणपणे दर हजार मीटर उंचीला सहा अंशांच्या आसपास उष्णता कमी होते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर, म्हणजे साडेचार हजार फूट उंच आहे. तेथे काही वर्षी डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या काठी पहाटे गवतावरचे दव गोठून पांढरे होते.

कोकणपट्टीची गोष्ट वेगळी. तेथे हिवाळ्यातही कडाक्याची थंडी पडत नाही. का बरे? चुलीवरून तवा उतरवला की तो लगेच निवतो. पण पाण्याचा हंडा उतरवला तर किती तरी वेळ कोमट राहतो. जमीन तव्यासारखी आहे. समुद्र हंड्यासारखा आहे. तो सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. म्हणून समुद्राकाठची रात्र घाटावरच्या रात्रीइतकी गार होत नाही.

मोठ्या माणसाला थंडी बोचते, पण तो अंगावर घोंगडे ओढतो. तान्ह्या मुलाला ते करता येत नाही. त्याचे अंगही लहान, म्हणून ते लवकर गार पडते. तेव्हा ज्या घरात वर्षाच्या आतले मूल आहे, त्या घराने भर हिवाळ्यात उंच डोंगरावर मुक्काम करण्याआधी दोनदा विचार करावा.

येथे एक सूचना कळकळीने द्यावीशी वाटते. थंडी वाजते म्हणून बंद खोलीत कोळशाची पेटती शेगडी ठेवून कोणीही झोपू नये. कोळशातून विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही आणि झोपेतच प्राण जातो. पांघरुणे जास्त घ्यावी. शेगडी खोलीबाहेर असावी.

एका घरची बैठक

आता एक उदाहरण घेऊ. कराड तालुक्यातले एक घर आहे असे समजा. नवरा-बायको, अडुसष्ट वर्षांची आजी आणि अविवाहित धाकटा भाऊ. मुले तीन. मोठी मुलगी सात वर्षांची, मधला चार वर्षांचा आणि धाकटा आठ महिन्यांचा. रात्रीची जेवणे झाली आणि सगळे ओसरीवर बसले.

घरधनी म्हणाला, "महाबळेश्वरला जाऊ. नाव मोठं आहे. पाच नद्यांचं देऊळ आहे, स्ट्रॉबेरीचे मळे आहेत."

धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, एकदाच जायचं तर वेरूळ बघू. अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणून देऊळ केलंय."

आजी म्हणाली, "मला आपली कोल्हापूरची अंबाबाई बरी. गाडी सरळ जाते."

सून दाराशी धाकट्याला थोपटत बसली होती. आजीने तिच्याकडे पाहिले. "तू का गं गप्प? पोरं तर तुझ्याच अंगावर असायची."

सून म्हणाली, "आत्याबाई, धाकट्याला रात्रीचा खोकला येतो. लई गार जागा नको वाटते. आणि रोज नवं गाव, रोज गाडी, असं नको. एकाच जागी राहू. पोरं खेळतील, मीबी घटकाभर टेकेन."

मोठी मुलगी मध्येच म्हणाली, "मला समुद्र बघायचाय. पुस्तकात नुसतं चित्र आहे."

मग त्यांनी एकेका ठिकाणाचा विचार केला. तो आपणही करू.

महाबळेश्वर कराडहून सातारामार्गे शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. ठिकाण सुंदर आहे, यात शंका नाही. पण रात्री थंडी फार. नाताळच्या सुमारास तेथे गर्दी उसळते आणि खोल्यांचे दर चढतात. धाकटा दोन-तीन वर्षांचा झाल्यावर तेथे जाणे बरे.

वेरूळला चौतीस लेणी आहेत. त्यांतले कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले मानतात. जन्मात एकदा तरी पाहावे असे ते काम आहे. पण कराडहून अंतर चारशे किलोमीटरच्या वर. दोन लहानग्यांना घेऊन एवढा प्रवास म्हणजे शिक्षाच. शिवाय दगडातले काम पाहायला मुलाला थोडी समज यावी लागते. मुले आठ-दहा वर्षांची झाली की जावे. जाताना वारही पाहावा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी.

कोल्हापूर सगळ्यांत जवळ, सुमारे पंचाहत्तर किलोमीटर. वाटेत मोठा घाट नाही. अंबाबाईचे दर्शन, रंकाळा तलाव, आणि वीस किलोमीटरवर पन्हाळगड. गडावर धान्याची जुनी अवाढव्य कोठारे आहेत. त्यांना अंबरखाना म्हणतात. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज याच गडावरून निसटले. ज्यांना प्रवास सोसत नाही, त्यांनी कोल्हापूर निवडावे. आजीचे म्हणणे काही चुकीचे नव्हते.

मग समुद्र. कराडहून पाटण, कोयनानगरवरून कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण. ते अंतर सुमारे शंभर किलोमीटर. तेथून गुहागर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. गुहागर हे नारळी-पोफळींच्या बागांतले गाव आहे. लांबच लांब वाळूचा किनारा गावाला लागूनच आहे. व्याडेश्वराचे देऊळ भर गावात आहे. हवा सौम्य.

घरधनी म्हणाला, "पण कोल्हापूरपेक्षा लांब पडतं. आणि घाट आहे."

सून म्हणाली, "एक दिवस जायला, एक दिवस यायला. मधले दोन दिवस कुठं हलायचं नाही. मग चालेल."

आजी म्हणाली, "अंबाबाई काही पळून जात नाही. पुढल्या साली जाऊ. पोरीला समुद्र दाखवा."

धाकटा भाऊ म्हणाला, "म्हशीची धार आणि उसाचं पाणी मी बघतो. पुढल्या वर्षी माझी पाळी."

अशा रीतीने त्या घराने गुहागर निवडले. आता, सगळ्यांनीच गुहागरला जावे असे आम्ही म्हणत नाही. नागपूरकडच्या घराचे उत्तर वेगळे येईल, नाशिककडच्या घराचे वेगळे. पण विचाराची रीत हीच राहील.

केव्हा निघावे?

शेतकऱ्याने पंचांग पाहण्याआधी शेत पाहावे. उसाची तोड कधी येईल? रब्बीला पाणी केव्हा द्यायचे? गाय-म्हैस व्यायला तर झाली नाही ना? मागे कोण राहणार? याची उत्तरे मिळाल्याशिवाय दिवस ठरवू नये.

शाळेत जाणारे मूल असेल तर सुट्टी पाहावी. शनिवार-रविवारला लागून सणाची सुट्टी आली तर ती साधावी. नाताळ आणि इंग्रजी नवे वर्ष यांच्या मधला आठवडा मात्र टाळावा. त्या दिवसांत सगळीकडे गर्दी असते, आणि गर्दीत मूल हरवण्याची भीती मोठी.

राहण्याची सोय आधीच ठरवावी. फोनवर पुढील गोष्टी स्पष्ट विचाराव्या. खोली तळमजल्यावर आहे का? अंघोळीला गरम पाणी मिळेल का? संडास जवळ आहे का? मुलांना बिनतिखटाचे जेवण आणि दूध मिळेल का? जवळ दवाखाना आहे का? आणि सगळे मिळून एका दिवसाचे किती पैसे? विचारायला लाजू नये. न विचारता गेले की तेथे गेल्यावर वाद होतो.

तिकिटाचा हिशेब

एस.टी.च्या सवलती पुष्कळांना नीट ठाऊक नसतात. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे तिकीट. १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट. पासष्ट ते पंचाहत्तर वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धे. पंचाहत्तरच्या वरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट. या सवलती राज्याच्या हद्दीतल्या प्रवासासाठी आहेत. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ असावे. निघण्यापूर्वी आगारात एकदा विचारून घ्यावे.

आता हिशेब करू. जायचे पूर्ण तिकीट ३०० रुपये आहे असे समजू.

वडील – ३०० रुपये.
आई, अर्धे – १५० रुपये.
आजी, अर्धे – १५० रुपये.
मोठी मुलगी, अर्धे – १५० रुपये.
मधला मुलगा आणि तान्हे मूल – काही नाही.
एकूण – ७५० रुपये.

जाण्यायेण्याचे मिळून १,५०० रुपये झाले. आजी स्त्री आहे आणि ज्येष्ठही आहे, म्हणून अर्ध्याचे पुन्हा अर्धे होत नाही, बरे का! असाच हिशेब राहण्याचा आणि जेवणाचा करावा. जी बेरीज येईल तिच्यात अडीअडचणीसाठी चौथा हिस्सा आणखी मिळवावा. एवढा पैसा हाती असेल तरच निघावे. कर्ज काढून सहल करू नये.

प्रवासात

सकाळची गाडी धरावी. निघताना मुलांना पोटभर तेलकट खाऊ घालू नये आणि उपाशीही ठेवू नये. भाकरी-दूध, केळे असे हलके द्यावे. घाटात पुष्कळ मुलांना मळमळते. त्यांना पुढच्या बाजूला बसवावे, खिडकी थोडी उघडावी आणि समोर लांब बघायला सांगावे. मोबाईल फोन हाती देऊ नये. खाली बघितले की मळमळ वाढते. कुंभार्ली घाट उतरल्यावर चिपळूणला तासभर थांबावे. मुलांचे पाय मोकळे होऊ द्यावे. मग पुढची गाडी.

पाणी घरून उकळून, गार करून न्यावे. सहा महिन्यांच्या आतल्या मुलाला आईच्या दुधाशिवाय काही लागत नाही, पाणीसुद्धा नाही. मोठ्या मुलाला जुलाब-उलटी झाली तर ओ.आर.एस.ची पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून थोडी थोडी पाजावी. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. माप चुकवू नये. मूल मलूल दिसले तर थांबू नये, दवाखाना गाठावा. १०८ या क्रमांकावर फोन केला की रुग्णवाहिका येते.

लसीकरणाचे कार्ड, तापाचे नेहमीचे औषध आणि लोकरीची टोपी पिशवीत वरच ठेवावी. प्रत्येक मुलाच्या खिशात घरच्यांचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. आपल्याला आता लिहिता येते. मग ती चिठ्ठी आपल्याच हाताने लिहावी.

समुद्राची शिस्त

समुद्र म्हणजे गावचा ओढा नव्हे. पोहणारा माणूसही तेथे फसतो. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी लागते. रोज या वेळा सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात. म्हणून काल सकाळी दहाला पाणी लांब होते, तर आजही असेल, असे धरून चालू नये. त्या दिवसाची वेळ गावच्या कोळ्यांना किंवा बागाईतदारांना विचारावी. ते आनंदाने सांगतात.

ओहोटीला पाणी माणसाला आत ओढते. पायाखालची वाळू सरकते आणि तोल जातो. लहान मुलाने घोट्याच्या वर पाण्यात जाऊ नये. एका मुलामागे एक मोठे माणूस, आणि मुलाचा हात त्याच्या हातात. 'मी लक्ष ठेवतो' असे दोघे म्हणतात, तेव्हा पुष्कळदा एकाचेही लक्ष नसते. म्हणून कोणाचे मूल कोणाकडे, हे वाळूवर पाऊल ठेवण्याआधीच ठरवावे. अंधार पडल्यावर पाण्यात जाऊ नये.

बाकी मुलांना खेळायला पाणी लागतच नाही. ओली वाळू पुरते. शिंपले वेचावे, वाळूचा किल्ला करावा, भोकात पळणारे खेकडे बघावे. समुद्राचे पाणी बोटाने चाखून पाहावे. मिठाचा धडा तेथेच होतो.

आईची सुट्टी

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. पुष्कळ घरांत सहल सगळ्यांची होते. आईची मात्र होत नाही. घरी ती चूल सांभाळते, तेथेही स्टोव्ह पेटवते. घरी मुलांचे कपडे धुते, तेथेही धुते. बाकीचे सूर्यास्त बघतात आणि ती खोलीत मुलाला निजवते. मग तिला विसावा कसला? गाव बदलले, काम तेच राहिले.

म्हणून निघण्याआधी कामे वाटून घ्यावी. जेवण घरगुती खानावळीत घ्यावे. सकाळी दोन तास तान्ह्याला वडिलांनी सांभाळावे. तो पुरुषाच्या हाती रडतो म्हणतात. दोन दिवस रडेल, तिसऱ्या दिवशी हसेल. संध्याकाळी आजीने मधल्याला गोष्ट सांगावी. आणि आईने एकदा तरी रिकाम्या हातांनी, कडेवर कोणी नसताना, किनाऱ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून यावे.

असे ज्या ठिकाणी जमेल, ते ठिकाण तुमच्या घराला योग्य. त्याचे नाव मोठे असो वा नसो. किती ठिकाणे पाहिली याचा हिशेब मुले ठेवत नाहीत. आई हसत होती, बाबा आपल्याशी वाळूत खेळत होते, एवढे त्यांच्या मनात राहते.

विचार करा आणि लिहा

१. तुमच्या घरात सगळ्यांत लहान कोण आहे? ते दिवसभर कोणाकडे असते?
२. समुद्राकाठी हिवाळ्यात थंडी कमी का असते? तवा आणि हंडा यांवरून सांगा.
३. तुमच्या गावाहून एका दिवसात पोचता येतील अशी तीन ठिकाणे लिहा. प्रत्येकाचे अंतर आगारात विचारून लिहा.
४. पूर्ण तिकीट २०० रुपये असेल, तर तुमच्या घरच्या माणसांचे एकूण किती रुपये होतील?
५. सहलीत कोणते काम कोण करील, याची यादी घरच्या सगळ्यांनी बसून करा. ती भिंतीवर लावा.